वरुषप्पिरप्पु : पहिल्या वर्षाची कनी

प्रश्न थोडक्यात असा होता. लग्नाला तीन महिने झालेत, माहेर नगरचं, राहायला चेन्नईत वेळचेरीला. सासर मूळचं तिरुनेलवेली जिल्ह्यातलं, अंबासमुद्रमचं. दरवर्षी सासूबाई चेन्नईला येऊन तमिळ नववर्षाची पूजा मांडतात. यंदा त्यांचा पाय मोडल्यामुळे त्या गावीच अंथरुणाला खिळल्या आहेत. नवऱ्याला 'पच्चडी (कैरीचा एक पदार्थ) असते आणि आरशात बघायचं असतं' याउपर काही आठवत नाही. व्हिडिओ पाहिले तर प्रत्येकीचं निराळंच. काय लागतं, कुठल्या क्रमाने करायचं, तारीख नक्की कुठली, आणि गुढी परत उभारायची का?

तुला 'तू'च म्हणते, राग मानू नकोस. मी साताऱ्याची, मैलापूरला संसार करून ३२ वर्षं झाली. माझ्या सासूबाई कल्लिडैकुरिचीच्या. ताम्रपर्णीच्या एका काठाला तुझं अंबासमुद्रम आणि दुसऱ्या काठाला त्यांचं गाव. अप्पळम, म्हणजे आपल्या पापडांसारख्या पापडांसाठी ते गाव प्रसिद्ध आहे. तेव्हा मी सांगते ते तुझ्या सासूबाईंच्या पद्धतीच्या बऱ्यापैकी जवळचं असेल. तरी त्यांना फोन करून दोन गोष्टी विचारच, त्या पुढे येतील तिथे सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. हा सण आदल्या रात्रीचा आहे. आपल्याकडे पाडव्याला सकाळी उठून काठी धुवायची, साडी नेसवायची, गाठी बांधायची, सगळं उजाडल्यावर. इथे उलटं. उजाडायच्या आत सगळं मांडून झालेलं असतं आणि सकाळी फक्त डोळे उघडायचे असतात. तुझी निम्मी पूजा १३ एप्रिलला रात्री दहापर्यंत संपलेली असली पाहिजे. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी पहाटे साडेचारला उठून केळी धूत बसले, आणि सासूबाई डोळे मिटून खोलीच्या दारात उभ्या. वीस मिनिटं तशाच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

घरात या सणाला 'वरुषप्पिरप्पु' म्हणतात, म्हणजे वर्षाचा जन्म. 'पुत्ताण्डु' हा शब्द पेपरात आणि शुभेच्छांमध्ये जास्त. आणि जी मांडायची ती 'कनी'. तमिळमध्ये कनी म्हणजे पिकलेलं फळ. मल्याळममध्ये कणी म्हणजे दर्शन, पहिल्यांदा नजरेला पडलेली वस्तू. तिरुनेलवेली केरळच्या सीमेला लागून असल्यामुळे तिथे दोन्ही अर्थ एकात मिसळले: फळं मांडायची आणि त्यांचं दर्शन घ्यायचं. कोइमतूरकडे यालाच 'चित्तिरै कनी' म्हणतात. तंजावर-कुंभकोणमकडच्या बऱ्याच घरांत मात्र कनी मांडत नाहीत, तिथे पूजा आणि पच्चडी एवढंच. तुझ्या मैत्रिणीने 'आमच्याकडे असलं काही नसतं' म्हटलं तर ती चूक नाही आणि तुझी सासूही चूक नाही.

खरेदी १२ तारखेलाच उरक. १३ ला आमच्या कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड वीथींत पाय ठेवायला जागा नसते आणि कडुनिंबाच्या फुलांच्या वाट्याला दुप्पट पैसे मागतात. फळं मुख्य तीन, त्यांना 'मुक्कनी' म्हणतात: मा, पला, वाळै. आंबा, फणस, केळं. आंबा डेखासकट मिळाला तर उत्तम. केळ्यांची फणी पूर्ण हवी, त्यातली एकही तोडलेली नको. फणस अख्खा आणायच्या फंदात पडू नकोस. फ्लॅटमध्ये अख्खा फणस रात्रभर ठेवला की सकाळी घरभर फणसच असतो. छोटा कोवळा आण, नाहीतर मी सरळ दोन गरे झाकणाच्या वाटीत ठेवते. याशिवाय नारळ, विड्याची पानं-सुपारी (इथे वेत्तलै-पाक्कु), अख्खी हळकुंडं, कुंकू, चंदन, गुळाचा खडा, तूरडाळ, तांदूळ. तांदूळ 'पच्चरिसी' म्हणून माग. इथे रोजचा भात उकड्या तांदळाचा असतो, कोकणात असतो तसाच, पण देवाला उकडा चालत नाही. फुलांत मल्लिगै, म्हणजे मोगरा, आलीच, आणि मिळाला तर बहावा. बहाव्याला इथे 'कोन्नै' म्हणतात, शंकराचं आवडतं फूल. केरळात त्याच्याशिवाय कणी होत नाही, आपल्या पट्ट्यात असला तर छान, नसला तर कोणी अडवत नाही. वेळचेरीच्या रस्त्यांवर एप्रिलमध्ये झाडं पिवळी झालेली असतात, एखादा झुबका मागून घे.

आता मांडणी. देवघरासमोर पाट ठेव. इथे त्याला 'मणै' म्हणतात. त्यावर तांदळाच्या पिठाचा छोटा कोलम, म्हणजे इथली रांगोळी. पाटावर मोठं तांबाळम, म्हणजे काठ असलेलं पसरट पितळी ताट. आपली परातही चालते, मी पहिली दोन वर्षं माहेरची परातच वापरली. तळाला तांदूळ पसर, वर फळं, मधे नारळ. एका बाजूला सोनं: जो दागिना रोज अंगावर असतो तो नको, कपाटातला काढ. आमच्याकडे अम्माची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, बांगडी ठेवत असत. चांदीचं एखादं भांडं, थोडी नाणी, नवीन वर्षाचं पंचांगम, आणि घरात कोणी शिकणारं असलं तर त्याचं पुस्तक. देवाची मूर्ती किंवा तसबीर मागे. दोन्ही बाजूंना कुत्तुविळक्कु, म्हणजे आपल्या समया.

आणि मधोमध आरसा. सगळी मेख इथे आहे. आरसा नुसता 'ठेवायचा' नसतो, तो बसवायचा असतो. माणूस समोर मांडी घालून बसला की त्याला आरशात ज्योत, फळं, सोनं आणि स्वतःचा चेहरा हे सगळं एकदम दिसलं पाहिजे. कनीचा अर्थच तो: भरलेल्या ताटात तूही एक आहेस. आरसा सरळ उभा केला की त्यात समोरची भिंत दिसते आणि मागे कलला की छत. माझ्या तिसऱ्या वर्षी घरातल्या सगळ्यांना नवीन वर्षाचं पहिलं दर्शन पंख्याचं झालं. सासरे म्हणाले, यंदा हवा चांगली असणार. तेव्हापासून मी रात्री मांडणी झाली की दिवा लावून, खोलीतले बाकीचे दिवे घालवून, समोर बसून बघते. मग उशीसारखी गुंडाळलेली चादर मांडीवर घेऊन परत बघते, कारण लहान मुलांची नजर खालून येते. आरशामागे नारळ टेकवून कोन साधता येतो. तमिळ घरांत याच कामासाठी पितळी चौकटीचा एक जुना आरसा असतो, तो सासूबाईंच्या कपाटात असेल. विचार. हा पहिला फोन.

रात्रीचे शत्रू मुंग्या. गूळ उघडा ठेवू नकोस, विड्याच्या पानात गुंडाळ. कापलेलं फळ उघडं अजिबात नको. पाटाच्या पायांभोवती हळदीची रेघ ओढ. दिवा रात्रभर जळता ठेवायचा नाही. रेशमी वस्त्र, फुलं आणि पंखा यांच्यामध्ये जळता दिवा ठेवून झोपण्यात कसलंही पुण्य नाही. तेल भरून, वात सारून, काडेपेटी डाव्या हाताला येईल अशी ठेव. मांडणी झाल्यावर मी वरून पातळ पांढरा पंचा टाकते, सकाळी तो काढला की झालं.

सकाळी सगळ्यात आधी उठायचं ते मांडणाऱ्या बाईने. अंदाजे साडेचार. तू विचारशील की सगळं स्वतःच्या हाताने मांडलं, आता त्यात पहिलं दर्शन कसलं? मीही विचारलं होतं. अम्माचं उत्तर साधं होतं: रात्री आपण कामाच्या नजरेने बघतो, सकाळी बघायच्या नजरेने. डोळे मिटूनच देवघरापर्यंत जा, फ्लॅट तुझाच आहे, धडपडणार नाहीस. पंचा काढ, काडेपेटी चाचपडून काडी ओढ, आणि त्या क्षणी डोळे उघडून नजर काडीच्या ज्योतीवर ठेव. दिवा लावेपर्यंत इकडेतिकडे बघायचं नाही. ज्योत स्थिर झाली की मग आरशात. त्यानंतर एकेकाला उठवायचं, डोळ्यांवर हात ठेवून आणायचं, समोर बसवायचं आणि 'आता बघ' म्हणायचं. मोठ्यांनी आधी की लहानांनी, याचा काही नियम आमच्याकडे नाही. जो आधी जागा होईल तो आधी. आजारी माणसाकडे ताट न्यायचं. अम्माच्या माहेरी गोठ्यातल्या गाईलाही दिवा आणि केळी दाखवून आणत.

दर्शन झाल्यावर वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि ते लहानांच्या हातावर पैसे ठेवतात. केरळात आणि सीमेवरच्या घरांत याला कैनीट्टम म्हणतात. ११, ५१, १०१, जे असेल ते, पण नाणं हवं. घरात तुम्ही दोघंच असाल तर शेजारच्या मुलांना बोलव आणि वॉचमनला विसरू नकोस.

मग आंघोळ, डोक्यावरून. दिवाळीसारखं अभ्यंगस्नान सक्तीचं नाही. आमच्या इमारतीत एक जाफन्याचं कुटुंब आहे, ते या दिवशी 'मरुत्तु नीर' म्हणजे वनस्पती उकळून केलेलं पाणी डोक्याला लावून न्हातात. ती श्रीलंकेतल्या तमिळांची चाल, आपल्याकडची नाही. नवीन कपड्याच्या टोकाला हळदीचं बोट लावून मग घालायचा.

इथे तुझा दुसरा फोन. तू सासऱ्यांबद्दल काही लिहिलं नाहीस. वडील हयात नसलेल्या पुरुषाने या दिवशी तर्पण करायचं असतं, कारण सूर्याचं मेषेत संक्रमण हा पुण्यकाल. काळे तीळ, दर्भ आणि पाणी, अर्ध्या तासाचं काम. ते झाल्यावरच घरातली पूजा आणि नैवेद्य. तर्पणाच्या दिवशी अनेक घरांत ते आटपेपर्यंत दारात कोलम काढत नाहीत. सणाच्या दिवशी दार मोकळं ठेवायचं कसं, म्हणून आमच्याकडे आदल्या संध्याकाळीच मोठा कोलम काढून ठेवतात. सासरे असतील तर हा प्रश्नच नाही, पहाटे काढ.

कोलम पिठाचा काढायचा, बाजारातल्या पांढऱ्या भुकटीचा नको, आजच्या दिवशी तरी. तांदूळ दोन तास भिजवून, गंधासारखे बारीक वाटून, पातळ करायचे. कापडाचा बोळा त्यात बुडवून अंगठ्याने दाबत बोटावरून रेघ सोडायची. याला माक्कोलम म्हणतात. ओला असताना काहीच दिसत नाही, वाळला की पांढराशुभ्र उमटतो, त्यामुळे काढताना धीर सोडू नकोस. कडेने गेरूचा पट्टा, त्याला कावी म्हणतात. आपल्या रांगोळीत रंग भरायची हौस असते, इथे पांढरं आणि तांबडं एवढंच. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, ते तुला कोणी शिकवायला नको.

पूजा अगदी छोटी. हळदीचा ओला गोळा करून त्याचा गणपती, त्याला 'मंजळ पिळ्ळैयार', आणि दूर्वा. मग घरच्या देवाची पूजा, फुलं वाहून. संकल्प तुझ्या नवऱ्याने सांगितला तर एक गंमत ऐकशील. आपल्याकडे 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात, इथे 'मेरोः दक्षिणे पार्श्वे'. आपण 'चैत्रमासे' म्हणतो, इथे 'मेषमासे', कारण यांचा महिना चंद्राचा नसून सूर्याचा. चित्तिरै म्हणजे सूर्य मेष राशीत आहे तो महिना. संवत्सराचं नाव मात्र आपलं आणि यांचं एकच: साठ नावांचं चक्र, प्रभवपासून अक्षयपर्यंत. २०२४ चं क्रोधी, २०२५ चं विश्वावसु, आणि १४ एप्रिल २०२६ ला सुरू होणारं पराभव. नाव ऐकून दचकू नकोस, आपल्या पाडव्याच्या पंचांगातही तेच आहे. कुंभकोणमजवळ स्वामिमलैला मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, देवळाला साठ पायऱ्या आहेत, एकेक पायरी एकेका संवत्सराची. पराभवची पायरी चढल्याशिवाय वर देवापर्यंत जाता येत नाही, असं आमचे सासरे म्हणायचे.

तारखेचं विचारलंस. दरवर्षी बहुधा १४ एप्रिल, पण नियम तारखेचा नाही, संक्रांतीचा आहे. सूर्यास्ताआधी सूर्य मेषेत शिरला तर तोच दिवस पहिला, सूर्यास्तानंतर शिरला तर दुसरा. २०२४ साली संक्रांत १३ एप्रिलला रात्री नऊनंतर झाली, म्हणून वर्ष १४ ला सुरू झालं. केरळात मर्यादा याहून अलीकडची आहे, दुपारची. त्यामुळे २०२३ साली, संक्रांत १४ ला दुपारी तीनच्या सुमारास झाली तेव्हा तमिळ वर्ष १४ ला लागलं आणि केरळचं नववर्ष, म्हणजे विषु, १५ ला झालं. नवऱ्याचे केरळातल्या पालक्काडचे कोणी नातेवाईक दुसऱ्या दिवशी कणी मांडत असतील तर त्याचं कारण हे. दिवसाचा घोळ नको असेल तर घरात जे पंचांगम येतं तेच धरायचं. वाक्यम आणि तिरुक्कणितम असे दोन प्रकार मिळतात. वाक्यम जुन्या सूत्रांवर चालतं, त्यातलं मुखपृष्ठावर साप असलेलं 'पांबु पंचांगम' बहुतेक घरांत दिसतं. तिरुक्कणितम प्रत्यक्ष आकाशाशी जुळवून घेतलेलं. वेळा थोड्या पुढेमागे होतात. दोन्ही विकत घेऊन तुलना करत बसू नकोस, मी एका वर्षी बसले होते.

एक सावधगिरी. जेवताना कोणी 'तमिळांचं खरं नववर्ष थै महिन्यात, पोंगलला' असं म्हणालं तर वाद घालू नकोस. २००८ साली राज्य सरकारने तसा कायदाच केला होता आणि २०११ साली पुढच्या सरकारने तो रद्द केला. घराघरांत यावर अजून दोन मतं आहेत. नव्या सुनेने वाढप चालू ठेवावं. आणि १४ एप्रिल हा बाबासाहेबांच्या जयंतीचाही दिवस, त्यामुळे बँका आणि कचेऱ्या नाहीतरी बंदच.

आता पच्चडी, नवऱ्याला आठवणारी एकमेव गोष्ट. मांगाय पच्चडी म्हणजे कैरीचा गोड, आंबट, तिखट, कडू असा घट्टसर पदार्थ. सहाही चवी त्यात हव्यात, म्हणून तिला 'अरुसुवै'चा, म्हणजे सहा चवींचा, मान. एक मोठी कैरी घे, पाव किलोच्या आसपास. किळिमूक्कु, म्हणजे आपली तोतापुरी, मिळाली तर तीच, जास्त आंबट गावठी कैरी गुळाचा डबा रिकामा करते. साल पूर्ण काढू नकोस आणि बाठही टाकू नकोस, तिच्यासकट शिजव. तुरटपणा हळदीतून येतो असं काही जण सांगतात, अम्मा म्हणायच्या तो सालीतून आणि बाठेतून येतो, आणि चाखून बघितलं तर त्यांचं बरोबर वाटतं. फोडी बुडतील इतक्या पाण्यात चिमूट हळद, चिमूट मीठ आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची घालून मऊ होऊ दे. मऊ झाल्यावरच गूळ, पाऊण ते एक वाटी. आधी घातलास तर फोडी कडक राहतात. गूळ विरघळला की चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून घाल, एक उकळी आण. वर मोहरी आणि लाल मिरचीची फोडणी.

कडुनिंबाची फुलं अगदी शेवटी. चमचाभर तुपात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परत आणि पच्चडीवर टाक. डोळा लागायच्या आत ती काळी पडतात, आणि काळी पडली की कडू न राहता जळकी होतात. पाडव्याला आपण पानं खातो, गूळ, हिंग, ओवा, चण्याची डाळ यांच्याबरोबर वाटून. फुलाचा कडूपणा पानापेक्षा पुष्कळ सौम्य, आणि तुपात परतल्यावर खमंग. ही फुलं याच दिवसांत येतात. झाडाखाली स्वच्छ धोतर अंथरून रात्रभर ठेवलं तर सकाळी आपोआप पडलेली मिळतात. देठ निवडून, कडक उन्हात वाळवून बरणीत भरली की वर्षभर वेप्पम्पू रसम करता येतं. तुला झाड मिळालं तर माझ्यासाठी एक मूठ ठेव, आमच्या गल्लीतलं रस्ता रुंद करताना गेलं.

बाकी स्वयंपाक साधाच: भात, तुरीचं वरण तुपासह, सांबार, वेप्पम्पू रसम, एखादी सुकी भाजी, वडै, पायसम, अप्पळम, दही. कांदा-लसूण नाही. नैवेद्य आंघोळ करून सोवळ्यात करायचा, त्याला इथे 'मडी' म्हणतात. काही घरांत बोळी करतात, ती आपली पुरणपोळीच. ती येत असेल तर नक्की कर, सगळ्या स्वयंपाकात तेवढा एकच पदार्थ तू सासूपेक्षा चांगला करशील. केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वाढताना आधी उजव्या खालच्या कोपऱ्यात थेंबभर पायसम. माझ्या हातून पहिल्यांदा आपल्या सवयीने मीठ गेलं आणि एक आत्याबाई हसल्या. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पाळी आली तर काय, हेही तुझ्या मनात असेल, विचारलं नाहीस. घरोघरी वेगळं. आमच्याकडे एका वर्षी माझी आली होती, तेव्हा नवऱ्याने मांडलं आणि मी त्याला लांब बसून आरशाचा कोन सांगितला. तेव्हापासून त्यालाही मांडता येतं. तुझ्या नवऱ्याला यंदापासूनच शेजारी बसव.

गुढीचं. पाडव्याला उभारली होतीस ना? मग झालं. मी दुसऱ्या वर्षी उत्साहात १४ एप्रिलला परत उभारली, दोन्ही घरांचं मन राखायला. सासूबाई बाल्कनीत आल्या, बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाल्या, 'तुमचं वर्ष झालं ना सुरू? मग हे आमचं. त्याची सरमिसळ कशाला?' मला ते तेव्हा तोडून बोलल्यासारखं वाटलं होतं. पण पुढच्या पाडव्याला त्या स्वतः रेशमी कापड घेऊन सकाळी सातला माझ्यासमोर उभ्या होत्या. एक गुढीचा दिवस, एक कनीचा दिवस. पाडव्याला समोरच्या मामी दरवर्षी विचारतात की साडी वाळत घातलीय तर तिच्यावर तांब्या कशाला, आणि मी दरवर्षी सांगते.

संध्याकाळी पंचांगम वाचायचं. सकाळी कनीत ठेवलेलं तेच, हळदकुंकू लावून. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, कुठल्या राशीला आय किती आणि व्यय किती. आपल्या पाडव्याच्या संवत्सरफलासारखंच. घरात आता अर्धे लोक मोबाइल बघत असतात, पण आय-व्यय आला की सगळे मान वर करतात. ऐकणाऱ्यांना नीर मोर आणि पानकम द्यायचं. पातळ ताकात आलं, हिंग, कढीपत्ता. आणि गुळाच्या पाण्यात सुंठ, वेलची. चित्तिरैच्या उन्हात याहून मोठं दान नाही. अम्मा पंखा, म्हणजे ताडाच्या पानाचा विसिरी, आणि छत्रीही देत असत. गावाकडे याच दिवशी पहिला नांगर धरतात, त्याला पोन्नेर म्हणतात, सोन्याचा नांगर. वेळचेरीत तेवढं सुटलं.

कनी त्याच संध्याकाळी उतरवली तरी चालते, आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवतात. तांदूळ आणि गूळ यांचं त्याच दिवशी गोड करायचं, नाणी मुलांना, सोनं कपाटात, केळी काळी पडायच्या आत वाटून टाकायची. आरसा मात्र नीट पुसून कापडात गुंडाळून ठेव, वर्षभर दुसऱ्या कामाला वापरू नकोस.

आता तुझ्या सासूबाई. त्या अंथरुणावर असतील, पण साडेचारला जाग्या असणारच, ३०-४० वर्षांची सवय आहे ती. घरातलं कोणी दुसरं उठायच्या आत, दिवा लावून झाला की व्हिडिओ कॉल कर. त्यांना आधीच सांगून ठेव की फोन वाजला की डोळे मिटूनच उचला. तिकडे जो कोणी त्यांच्याजवळ झोपत असेल त्याला फोन धरायला सांग. मागचा कॅमेरा वापर, पुढच्यात तुझाच चेहरा मोठा दिसेल आणि ताट बाजूला राहील. मोबाइल आरशासमोर धरू नकोस, आरशात फोनच दिसतो. जरा उजवीकडून धर, म्हणजे ज्योत आणि आंबे येतील. मग 'अम्मा, कण्ण तिरंगो' म्हण. डोळे उघडा.